स्नोमोबाइलच्या पट्ट्याचे स्टड

स्नोमोबाइल पुढील दोन स्कींवर वळते आणि मागील रबरी अखंड पट्ट्याच्या जोरावर पुढे सरकते. घट्ट दाबलेल्या हिमावर व गोठलेल्या तळ्यांवर या पट्ट्याची पकड सुटू नये म्हणून त्यात बसविलेल्या टोकदार धातुखिळ्यांना स्टड म्हणतात. खिळ्याचे चपटे डोके पट्ट्याच्या आतील अंगास राहते, दांडा भोकातून बाहेर येतो आणि तेथे आधारपट्टी व नट यांनी तो आवळला जातो. टोकाला बहुधा टंगस्टन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ बसविलेला असतो, कारण साधे पोलाद खडकावर किंवा डांबरावर लवकर बोथट होते.

स्टडची निवड करताना प्रथम वाट पाहावी लागते. बर्फाळ, तुळतुळीत वाटेवर स्टडमुळे वेग घेणे व थांबणे ही दोन्ही कामे सुकर होतात. खोल भुसभुशीत हिमात मात्र पट्ट्यावरील उंच रबरी दातेच हिम मागे लोटतात आणि स्टडचे केवळ वजन वाढते. म्हणून डोंगराळ हिमासाठी बनविलेल्या, सुमारे ६५ ते ७५ मिमी. उंच दात्यांच्या हलक्या पट्ट्यांना स्टड सहसा लावत नाहीत; पट्टा एकपदरी असल्यास उत्पादकाची अनुमती आधी तपासतात.

स्टडचे टोक दात्याच्या माथ्यावर सुमारे ६ ते १० मिमी. यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. टोक त्याहून खाली राहिल्यास ते बर्फात रुतत नाही आणि फार वर गेल्यास यंत्राच्या पोटातील बोगद्याला व तेथील शीतक नळ्यांना घासते. म्हणून स्टडबरोबर बोगद्यात संरक्षक पट्ट्या लावतात. संख्येचे गणित पट्ट्याच्या रचनेवरून बसते. ३०७ सेंमी. (१२१ इंच) लांबीच्या प्रचलित पट्ट्यात ६.४ सेंमी. अंतराने ४८ आडव्या ओळी असतात. दर ओळीस सरासरी दोन, तीन किंवा चार स्टड धरले की ९६, १४४ आणि १९२ या नेहमीच्या संख्या मिळतात. इंजिनाची शक्ती जास्त, तशी संख्याही जास्त लागते. स्टड एकामागोमाग एकाच रेषेत न ठेवता थोडे थोडे सरकवून मांडतात, म्हणजे मागचा स्टड पुढच्याने कोरलेल्या खाचेत न पडता ताज्या बर्फात रुततो.

पकड फक्त मागे वाढविणे धोक्याचे ठरते. पट्टा घट्ट धरत असताना स्कींखालील कार्बाइडच्या पट्ट्या कमजोर असतील, तर वळणावर यंत्र न वळता सरळ ढकलले जाते. उलट स्कींची पकड अधिक असेल, तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्यामुळे स्टडची संख्या व स्कींवरील कार्बाइडची लांबी यांचा विचार जोडीने करतात.

सैल झालेला स्टड फिरत्या पट्ट्यातून गोळीसारखा सुटू शकतो, म्हणून नट वेळोवेळी आवळतात आणि पट्टा उचलून फिरविताना मागे कोणालाही उभे राहू देत नाहीत. स्टड वाटेचेही नुकसान करतात; अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात फरसबंद सार्वजनिक वाटांवर, स्थानिक प्रशासनाने मुभा दिली नसल्यास, धातूचे स्टड लावलेल्या स्नोमोबाइलला मनाई आहे. त्यामुळे बर्फाबरोबरच वाटेत लागणाऱ्या रस्त्यांचा व तेथील नियमांचा विचारही स्टड निवडताना करावा लागतो.