कोशांतील बनावट नोंदी

प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या शब्दाची, व्यक्तीची वा वस्तूची नोंद संदर्भग्रंथात मुद्दाम घातली जाते, तेव्हा तिला बनावट नोंद म्हणतात. नक्कल करणाऱ्यास पकडणे हा तिचा एक प्रमुख हेतू असतो. काही नोंदी मात्र निव्वळ विनोदापोटी घातल्या गेल्या.

१९७५ च्या 'न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडिया'त लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल या छायाचित्रकार स्त्रीचे चरित्र आहे. १९७३ मध्ये स्फोटात तिचा मृत्यू झाल्याचे त्यात म्हटले आहे. वास्तविक अशी कोणी व्यक्ती नव्हतीच. इंग्रजीत आता बनावट नोंदीलाच 'माउंटवीझल' म्हणतात. जर्मनीतील 'पशिरेम्बल' या वैद्यककोशात १९८३ मध्ये दगड खाणाऱ्या उवेची नोंद आली. १९९४ मध्ये ती वगळण्यात आली; परंतु वाचकांच्या आग्रहामुळे १९९७ मध्ये पुन्हा घ्यावी लागली.

सर्वच प्रकार इतके निरुपद्रवी नसतात. १८८७ ते १८८९ या काळात निघालेल्या 'अ‍ॅपलटन्स सायक्लोपीडिया ऑफ अमेरिकन बायोग्राफी'तील चौदा वनस्पतिशास्त्रज्ञ काल्पनिक असल्याचे १९१९ मध्ये जॉन बार्नहार्ट यांनी दाखवून दिले. तोवर तीस वर्षे ही चरित्रे खरी मानली जात होती.

या सापळ्याने नक्कल सिद्ध होते, हक्क मात्र सिद्ध होत नाही. अमेरिकेतील एका दूरध्वनी कंपनीच्या सूचीतील चार बनावट नावे दुसऱ्या प्रकाशकाच्या सूचीत जशीच्या तशी आढळली. तरीही वस्तुस्थितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. संकलनासाठी केवळ श्रम घेतले म्हणून हक्क मिळत नाही, ही भूमिका भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये घेतली.

मूळ ग्रंथात मागाहून घुसडलेल्या मजकुराला मराठीत 'प्रक्षिप्त' म्हणतात. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत नवी ओवी न घालण्याविषयी बजावले. तेथे भेसळ परक्या हातांची होती. कोशात ती खुद्द कोशकर्त्यांच्या दालनातून येते आणि तिचा फटका प्रामाणिक वाचकालाही बसतो. म्हणूनच नाशिकच्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात असो वा संगणकावर, अभ्यासकाने एकाच कोशावर न विसंबता दुसरा स्वतंत्र आधार पाहणे इष्ट ठरते.