शोध लावण्याचें शास्त्र

शोध कसे लागतात, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठराविक उत्तर आहे. न्हाणींत उतरलेल्या आर्किमिडीजला एकदम उमगलें, बागेंत बसलेल्या न्यूटनसमोर सफरचंद पडलें. सारांश, प्रतिभावंताच्या डोक्यांत वीज चमकते आणि शोध लागतो. ही समजूत रम्य आहे खरी. पण ज्याच्या डोक्यांत वीज चमकत नाहीं त्यानें काय करावें? एका कुलुपाला हजार किल्ल्या लावून पाहाव्या, हा दुसरा मार्ग. एडिसननें तो पत्करला. विजेच्या दिव्यांतील तंतूसाठीं व पुढें विद्युत्संचायकासाठीं त्यानें हजारों प्रयोग केले. परंतु एडिसनजवळ प्रयोगशाळा होती, मदतनीस होते, पैसा होता. सामान्य कारागिराजवळ यांतलें काय असतें?

या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे आणि तो कोणालाही शिकवितां येतो, असें म्हणणारा एक पुरुष विसाव्या शतकांत सोव्हिएट देशांत होऊन गेला. गेनरिख अल्टशुलर हें त्याचें नांव. श्रोतेहो, आज त्याची व त्याच्या शास्त्राची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

अल्टशुलर १९२६ सालीं ताश्कंद येथें जन्मला आणि कास्पियन समुद्राच्या कांठीं बाकू शहरांत वाढला. दुसरें महायुद्ध संपल्यावर कास्पियन आरमाराच्या शोध तपासणाऱ्या कचेरींत त्याला काम मिळालें. शोधकांचे अर्ज पाहावे, त्यांच्या अडचणी सोडवाव्या, हा त्याचा नित्याचा उद्योग. तेव्हां त्याला प्रश्न पडला, शोध कसा लावावा हें शिकविणारें पुस्तक कोठें आहे? असें पुस्तक त्याला सांपडलें नाहीं. या विषयावर लिहिणारे लोक शोधकाच्या मनाचें वर्णन करीत. अल्टशुलरनें मन बाजूस ठेवलें आणि शोधच तपासावयास घेतले. १९४६ पासून त्यानें पेटंटांचीं दप्तरें उलगडण्यास आरंभ केला. पुढें सुमारें ४०,००० पेटंटांचें सार त्यानें तपासलें.

या अभ्यासांतून त्याला एक गोष्ट दिसून आली. खऱ्या शोधाच्या मुळाशीं नेहमीं एक विरोध असतो. एक गुण वाढवावा तर दुसरा घटतो. एकच वस्तु एकाच वेळीं दोन परस्परविरुद्ध प्रकारची हवी असते. सामान्य मनुष्य येथें तडजोड करतो, शोधक तो विरोधच नाहींसा करतो.

याचें उत्तम उदाहरण जेम्स वॉटचें. न्यूकोमेनच्या जुन्या एंजिनांत वाफ सिलिंडरमध्यें शिरे आणि मग थंड पाण्याचा फवारा सोडून तिचें पाणी करीत. वाफ येतांना सिलिंडर गरम हवा, तिचें पाणी होतांना तोच थंड हवा. दर फेरीला तो तापवावा आणि निववावा लागे, व त्यापायीं कोळशाची नासाडी होई. सिलिंडर कोमट ठेवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. १७६५ सालीं वॉटला युक्ति सुचली कीं, वाफ निवविण्यासाठीं निराळें पात्र जोडावें. सिलिंडर सदा गरम राहिला, पात्र सदा थंड राहिलें, आणि विरोध स्थलभेदानें मिटला. आपल्या स्वयंपाकघरांतील सांडशी हाच धडा देते: पातेलें तापलें पाहिजे, पण धरणारा हात भाजतां कामा नये.

हा विचार हातीं येतांच अल्टशुलर व त्याचा मित्र राफाएल शापिरो यांनीं १९४८ सालीं थेट स्टालिनला पत्र लिहिलें. देशांत शोधकार्याविषयीं अज्ञान व अव्यवस्था माजली आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. १९५० सालीं दोघांनाही अटक झाली व २५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यांत आली. प्रत्येक गोष्ट योजनेनें करूं पाहणाऱ्या राज्यानें, शोधही योजनेनें लावतां येतो असें सांगणाऱ्या मनुष्याला तुरुंगांत धाडलें!

तुरुंगांतील एक प्रसंग त्याच्या चरित्रांत सांगतात. रात्रभर चौकशी चाले आणि दिवसां झोपण्यास बंदी असे; डोळे मिटलेले दिसले कीं पहारेकरी उठवी. अल्टशुलरनें आपला छळ आपल्याच रीतीनें मांडला. झोपेसाठीं डोळे मिटलेले हवेत. पहारेकऱ्यासाठीं ते उघडे हवेत. सिगारेटच्या पाकिटाचे दोन तुकडे फाडून, त्यांवर जळक्या काडीनें बुबुळें रेखून, सोबत्यानें ते त्याच्या पापण्यांवर चिकटविले. आणि दाराकडे तोंड करून बसलेला हा कैदी शांतपणें झोपीं गेला. पुढें उत्तर ध्रुववृत्तापलीकडील व्होर्कुटाच्या छावणींत त्याची रवानगी झाली. तेथें बंदींत पडलेल्या विद्वानांपाशीं तो नाना विषय शिकला.

स्टालिन १९५३ सालीं वारला व पुढील वर्षीं अल्टशुलर सुटला. १९५६ सालीं त्याचा व शापिरोचा पहिला लेख मानसशास्त्राच्या एका रशियन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. उपजीविकेसाठीं गेनरिख आल्टॉव्ह या नांवानें त्यानें विज्ञानकथाही लिहिल्या. क्रमाक्रमानें त्यानें ४० युक्तींची यादी सिद्ध केली, व वजन, वेग, बळकटी अशा ३९ गुणांचें एक कोष्टक मांडलें. कोणता गुण वाढवितांना कोणता बिघडतो हें पाहिलें, कीं कोणत्या युक्ति आजमावाव्या तें कोष्टक सुचवितें. रशियन नांवाच्या आद्याक्षरांवरून या शास्त्राला ट्रीझ म्हणतात. १९७१ सालीं बाकू येथें तें शिकविणारी संस्थाही निघाली.

त्याच्या शिकवणींतला एक प्रश्न पाहा. धातूचे नमुने अम्लांत ठेवून तपासावयाचे आहेत, पण अम्ल भांड्यालाच खातें. मोलाच्या धातूचें भांडें करावें काय? उत्तर असें कीं, भांडें नकोच. नमुन्यालाच वाटीसारखा खळगा पाडा आणि अम्ल त्यांत ओता. जें साधन स्वतः नाहीसें होऊनही काम करून जातें तेंच आदर्श, असें तो म्हणे.

अल्टशुलर १९९८ सालीं वारला. त्यापूर्वींच सोव्हिएट संघ कोसळून त्याचे शिष्य देशोदेशीं पांगले होते. दक्षिण कोरियाच्या सॅमसंगसारख्या कारखान्यांनीं नव्या वस्तु घडवितांना ही रीत उपयोगांत आणली. तिला मर्यादाही आहेत. कोष्टक वाट सुचवितें, चालावें आपणच लागतें. शिवाय कोणती वस्तु करण्याजोगी आहे हें कोष्टक सांगत नाहीं. तो विवेक माणसाचाच.

तथापि अल्टशुलरच्या वर्गवारीप्रमाणें शंभरांतील सुमारें ७७ शोध खालच्या दोन पायऱ्यांचे, म्हणजे माहितीच्या ज्ञानानेंच साधणारे असतात. तेव्हां शोधबुद्धि ही मूठभरांची मिरास नव्हे. आपल्या मुलांना अडचणीपुढें तडजोड करण्याआधीं, येथें विरोध नेमका कोणता, एवढें विचारावयास शिकविलें, तरी एका कैद्याचे श्रम सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.