घरी बनवलेल्या ऑफ-रोड कॅम्पिंग ट्रेलरला कोणते ब्रेक लावावेत? सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

ऑस्ट्रेलियात गाडीमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून कच्च्या रस्त्यांवर भटकायला जाणं सर्रास चालतं. बरेच हौशी लोक हा ट्रेलर घरच्या गॅरेजमध्येच बनवतात. मेलबर्नमध्ये मीही सध्या तेच करतोय. सांगाडा, स्प्रिंग, तंबू यांवर व्हिडिओ ढीगभर सापडतात, पण ब्रेकचा विषय आला की ‘इलेक्ट्रिक लावा’ एवढ्यावरच बोळवण होते. आमच्या गाडीत मागच्या सीटवर दोन मुलं असणार, त्यामुळे मला तेवढं उत्तर पुरेसं वाटलं नाही. म्हणून हा लेख. यातले नियम ऑस्ट्रेलियाचे आहेत, पण ब्रेकमागचं विज्ञान सगळीकडे सारखंच.

ट्रेलरला वेगळे ब्रेक कशाला?

उसाने भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी ढकलते, ते तुम्ही पाहिलं असेल. इथेही तेच होतं. गाडी ब्रेक मारते, पण मागचं वजन थांबायला तयार नसतं. रस्ता सरळ आणि कोरडा असेल तर थांबायला फक्त जास्त अंतर लागतं. पण खडीच्या उतारावर वळण असेल तर ट्रेलर गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलतो आणि दोन्ही घडी घातल्यासारखे दुमडतात.

आता थोडं गणित. १,००० किलोचा ट्रेलर ताशी ८० किमी वेगावरून थांबवायचा तर सुमारे २४७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तोच ट्रेलर ३०० मीटर उंचीचा घाट उतरला तर सुमारे २,९४० किलोज्यूल, म्हणजे जवळपास १२ पट! कमी गिअरमध्ये इंजिन यातला बराच भार उचलतं, पण उरलेला भार ब्रेकवरच येतो. म्हणून ऑफ-रोड ट्रेलरचे ब्रेक निवडताना ‘एकदा जोरात थांबेल का?’ एवढंच बघून चालत नाही. ‘लांब उतारावर माझ्या ताब्यात राहील का?’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पहिली पायरी: खरं वजन काढा

फोनच्या नोट्स अ‍ॅपमध्ये यादी करा. माझी अशी आहे:

- रिकामा ट्रेलर: ५६० किलो
- पाणी, ८० लिटर: ८० किलो
- तंबू आणि गाद्या: ७० किलो
- भरलेला फ्रिज आणि किराणा: ५५ किलो
- बॅटरी आणि सोलर पॅनेल: ४० किलो
- गॅस आणि स्वयंपाकाचं सामान: ३५ किलो
- जास्तीचं चाक, जॅक, हत्यारं: ६० किलो
- कपडे, खुर्च्या आणि बाकीचं: ८० किलो

एकूण ९८० किलो. रिकामा असताना ‘हलकाच आहे की’ वाटणारा ट्रेलर भरल्यावर जवळपास एक टनाचा झाला!

इथे दोन शब्द लक्षात ठेवा. एटीएम म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन. (बँकेचं एटीएम नव्हे!) जीटीएम म्हणजे ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्या स्वतःच्या चाकांवर येणारं वजन. बाकीचं वजन गाडीच्या टो-बॉलवर येतं. टो-बॉलवर साधारण १० टक्के धरले तर माझा एटीएम ९८० आणि जीटीएम सुमारे ८८० किलो.

नियम काय सांगतो?

ब्रेकचा नियम जीटीएमवर ठरतो:

- ७५० किलोपर्यंत, एक अ‍ॅक्सल: ब्रेकची सक्ती नाही.
- ७५० पेक्षा जास्त ते २,००० किलो: किमान एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक. ओव्हररन ब्रेक इथपर्यंतच चालतात.
- २,००० किलोपेक्षा जास्त: सर्व चाकांना ब्रेक, ते चालकाच्या जागेवरून लावता आले पाहिजेत, आणि ब्रेकअवे यंत्रणा हवी. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ही यंत्रणा आपोआप ब्रेक लावते आणि ते किमान १५ मिनिटं धरून ठेवते.

यात प्लेटवर नोंदवलेलं कमाल वजन धरतात. आज ट्रेलरमध्ये किती सामान आहे, याला महत्त्व नाही. काही जण ब्रेकचा खर्च वाचवायला प्लेटवर ७५० लिहितात आणि टनभर सामान भरतात. कागद सांभाळला जातो, पण उतार कागद वाचत नाही. शिवाय गाडीच्या मॅन्युअलमध्ये बिनब्रेकचा ट्रेलर ओढण्याची वेगळी मर्यादा दिलेली असते, तीही तपासा.

ब्रेकचे तीन पर्याय

१. ओव्हररन ब्रेक. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्याचा जोडणीचा भाग आत सरकतो आणि केबल किंवा हायड्रॉलिक दाबाने ब्रेक लागतात. वीज नको, कंट्रोलर नको, खर्च कमी. डांबरी रस्त्यावर उत्तम. पण ट्रेलरने रेटल्याशिवाय ब्रेक लागतच नाहीत. लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहतो, त्यामुळे ब्रेक घासत राहून तापतात. चढावर मागे घेतानाही ते लागू शकतात, म्हणून खाली उतरून लॉक लावावा लागतो. शिवाय यांना सरकणारी खास जोडणी लागते, त्यामुळे सगळ्या दिशांना फिरणाऱ्या ऑफ-रोड जोडण्यांचे पर्याय कमी होतात.

२. इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. चाकाच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, त्याला जोडलेला दांडा फिरतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. करंट जास्त तर ब्रेक जास्त. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गाडीचे ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. उतारावर मागून हलका ताण दिला की गाडी आणि ट्रेलर एका रेषेत राहतात. ट्रेलर डुलायला लागला तरी हाच उपाय. तोटा एकच: नदी ओलांडताना ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरतो, तो लवकर बाहेर पडत नाही आणि शू झिजवतो.

३. इलेक्ट्रिक-हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. ट्रेलरवरचा पंप इलेक्ट्रिक सिग्नल घेऊन हायड्रॉलिक दाब तयार करतो. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाणीही झटकून टाकते. पण खर्च बराच जास्त, आणि बिघडू शकणारे भागही जास्त. दोन टनांच्या पुढे विचार जरूर करा.

मोठे टायर, कमी ब्रेक!

ऑफ-रोडसाठी आपण ट्रेलरला गाडीसारखेच मोठे टायर लावतो, म्हणजे जास्तीचं चाक दोघांना चालतं. पण ब्रेकचा पिळ तेवढाच राहून टायर मोठा झाला की रस्त्यावरची थांबवण्याची ताकद कमी होते. २६ इंची टायरऐवजी ३१ इंची लावला तर सुमारे १६ टक्के कमी! म्हणून ब्रेकची क्षमता काठावरची घेऊ नका. माझ्यासारख्या टनभराच्या ट्रेलरला १० इंची ड्रम व्यवस्थित पुरतो. वजन दीड टनाच्या पुढे जाणार असेल तर १२ इंची बघा, पण त्यासाठी साधारण १५ इंच किंवा मोठी रिम लागते.

कंट्रोलर: तुमच्या फोनमधलाच सेन्सर

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती अ‍ॅक्सेलरोमीटरमुळे. प्रपोर्शनल ब्रेक कंट्रोलरमध्ये तसाच सेन्सर असतो. गाडी किती जोरात हळू होतेय ते ओळखून तो तेवढाच करंट ट्रेलरला पाठवतो. मात्र खडबडीत, तीव्र उतारावर चालकाने ठरवलेलं ठराविक प्रमाण जास्त भरवशाचं ठरतं. रेडआर्कच्या टो-प्रो एलिटमध्ये असे दोन्ही मोड आहेत. कोणताही घ्या, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचं बटण पटकन हाताला येईल अशा जागी बसवा.

वायरमध्ये कंजुषी नको

प्रत्येक चुंबक साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे दोन चाकांना ६. गाडीपासून चाकापर्यंत १० मीटर वायर धरा. तांब्याचं क्षेत्रफळ १ चौरस मिमी असेल तर जाऊन-येऊन सुमारे २ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये फक्त ०.८ व्होल्ट. दुकानात ‘४ मिमी ऑटो वायर’ मागितली तर तो आकडा इन्सुलेशनसकट व्यासाचा असतो, आत तांबं दोन चौरस मिमीपेक्षाही कमी. म्हणून पाकिटावर ‘चौरस मिमी’च वाचा. ऑस्ट्रेलियन ७ पिनच्या प्लगमध्ये ब्रेकची वायर निळी, पिन क्रमांक ५.

अ‍ॅक्सलजवळची वायर दगडाने तुटू नये म्हणून तिला जाड नळीचं आवरण द्या आणि स्प्रिंग हलायला पुरेशी ढील ठेवा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसारख्या रस्त्यावर शेकडो किलोमीटर पत्र्याच्या नाळीसारख्या लाटा असतात. तिथे ढिली क्लिप फार टिकत नाही.

माझी निवड

मी १० इंची इलेक्ट्रिक ड्रम, सोबत यांत्रिक हँडब्रेक असलेले घेतोय. उतारावर ट्रेलर सोडून गाडी पुढे न्यायची तर हँडब्रेक हवाच, कारण इलेक्ट्रिक ब्रेक रात्रभर धरून ठेवले तर बॅटरी उतरेल. माझ्या वजनाला ब्रेकअवेची सक्ती नाही, तरी तो लावणार आहे. नवे शू बसले की पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ब्रेक पुन्हा अ‍ॅडजस्ट करायचे, आणि खोल पाण्यातून गेल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा लावून वाळवायचे. गाळाच्या पाण्यातून गेलो असू, तर घरी आल्यावर ड्रम उघडून साफ करायचे.

आणि शेवटचं: ब्रेक आधी ठरवा, अ‍ॅक्सल नंतर घ्या. ब्रेक बसवायची फ्लँज नसलेलं स्वस्त अ‍ॅक्सल आणलं तर पुढे वेल्डिंग करा किंवा अ‍ॅक्सलच बदला, अशी वेळ येते. यादीतल्या आकड्यांवरही पूर्ण विसंबू नका. ट्रेलर तयार झाल्यावर पाण्याची टाकी भरून, सगळं सामान लादून एकदा वजनकाट्यावर न्या, आणि मगच प्लेटवरचा आकडा पक्का करा.