गायरानातलं गाजर गवत : फूल यायच्या आधीच उपटा

पाऊस पडला की गायरानात सगळ्यात आधी डोकं काढतं ते गाजर गवत. कुठे त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कुठे पांढरी फुली, तर कुठे चटक चांदणी. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, शेजारचं चांगलं गवत तेवढं खातात. मोकळी झालेली जागाही मग हेच तण बळकावतं आणि चराई कमी होत जाते. चारा नाही म्हणून जनावराने ते खाल्लंच, तर दुधाला कडवट चव येते.

मूळचं अमेरिका खंडातलं हे तण भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं.

नुसतं कापून का भागत नाही?

कापलेल्या बुडातून पुन्हा फुटवे येतात. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलं दिसू लागतात. चांगल्या वाढलेल्या एका झाडाला २५ हजारांपर्यंत बिया धरतात. हे बारीक बी वारा, पाणी, जनावरांचे खूर आणि ट्रॅक्टरची चाकं यांच्याबरोबर पसरतं.

काय करावं?

• जमीन ओली असताना, फुलं येण्याआधी मुळासकट उपटावं. हातमोजे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा. या गवताने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो.

• फूल न आलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. फुलं-बी धरलेलं टाकू नये, नाहीतर खताबरोबर बी शेतात जातं.

• मोकळ्या झालेल्या जागेत मारवेल, पवना किंवा स्टायलो लावावं. जागा रिकामी ठेवली तर गाजर गवत परत येतं.

• रस्त्याकडेला, पडीक जागेत पावसाआधी तरोट्याचं बी टाकावं. दाट तरोटा गाजर गवताला वर येऊ देत नाही.

• मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे (झायगोग्रामा) पावसाळ्यात याची पानं खातात. ते दिसले तर तिथे फवारणी करू नये.

• मिठाचं पाणी चराईच्या जागेत फवारू नये. त्याने चांगलं गवतही जळतं आणि जमीन खराब होते. तणनाशक वापरायचं झाल्यास आधी कृषी सहायकाला विचारावं.

एकाने बांध साफ केला आणि शेजाऱ्याच्या बांधावर फुलं राहिली, तर बी पुन्हा येणारच. म्हणून गायरान, रस्ता आणि बांध यांची सफाई गावाने एकाच आठवड्यात करावी. जुनं बी मातीत पडलेलं असतं, त्यामुळे पावसाळ्यात दोन-तीनदा फेरी मारावी लागते. हे सलग काही वर्षं केलं, तरच गायरान पुन्हा जनावरांच्या कामी येतं.