भिंतीच्या आतलं रानडुक्कर

ऑक्टोबर १७१६. तुम्ही फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला, आर्तिमिनोच्या टेकडीवर आहात. समोर इथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याचा शिकारमहाल. छपरावर इतकी धुराडी की लोक याला शंभर धुराड्यांचा वाडा म्हणतात. आज बऱ्याच धुराड्यांतून धूर निघतोय, म्हणजे पाहुणे आलेत.

मुदपाकखान्यात शिरा. तांबड्या वाइनमध्ये तमालपत्र घालून रात्रभर मुरवलेलं रानडुक्कर मंद आचेवर शिजतंय. मांस काळपट, राठ, वासाला उग्र. त्याला वठणीवर आणायला रस्सा आंबटगोड केलाय. व्हिनेगर, साखर, बेदाणे, चिलगोजे. टोमॅटो शोधू नका, इथल्या सॉसवर त्याचं राज्य यायचंय. चॉकलेट आहे, पण ते दरबारात, जाईच्या फुलांचा वास दिलेलं पेय म्हणून. १८९१ साली आर्तुझी नावाचा लेखक आपल्या पाककृतींच्या पुस्तकात ते थेट या डुकराच्या रश्श्यात घालायला सांगेल.

वाढपी गवतात गुंडाळलेल्या दोन बुधल्या आणतो. वाइनला हवा लागू नये म्हणून वर ऑलिव्ह तेलाचा थर. मनगटाला एक झटका, की तेल फरशीवर! पाय सांभाळा.

आधी कियांती घ्या. नुसती प्यायला झकास, पण व्हिनेगरच्या रश्श्यासोबत आंबटाशी आंबट भांडतं. आता कार्मिन्यानो. इथल्या सांजोव्हेजे द्राक्षात थोडं फ्रेंच द्राक्षही मिसळतात, मेदिचींनीच ते आणवलं म्हणे. ही वाइन भरदार आहे, तुरटपणा गोडव्याला आवरतो आणि डुकराची चव दबत नाही. माझं मत विचाराल तर दुसरी बुधली इकडेच ठेवून घ्या.

ही नावं आता कायद्याची झालीत. गेल्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याच्या फर्मानाने कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचं आर्नो खोरं या चार मुलखांच्या हद्दी आखल्या. भलतीच वाइन या नावांनी परदेशी खपवायची नाही.

पण वाइन आणि डुक्कर यांची गाठ त्याआधीच पडलेली आहे. खिडकीतून ती भिंत दिसते? १६२६च्या सुमारास बांधलेली, जवळपास ५० किलोमीटरची. आत ग्रँड ड्यूकचं शिकारीचं रान, बार्को रेआले. त्याच टेकड्यांवर हे द्राक्षमळे. तुमच्या काळात इथल्या एका वाइनला ‘बार्को रेआले’ असंच नाव आहे.

बाहेर पडताना मळ्यातला कुळवाडी भेटेल. त्याच्या वाडग्यात घेवड्याच्या शेंगांचे दाणे, पेल्यात पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी घालून काढलेलं फिकं पेय. रानडुकरांचं नाव काढलंत तर तो चिडेल. कोकणातल्या शेतकऱ्याला त्याचं गाऱ्हाणं समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच, की इथलं डुक्कर ग्रँड ड्यूकचं आहे. पिकात शिरलं तर त्याने फक्त हाकलायचं.