दुसरी प्रत

सुपे आज बारामती तालुक्यात येतं. 1875 साली ते भीमथडी तालुक्यात होतं. त्या वर्षी 12 मे रोजी, भरल्या बाजारात, शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले आणि कर्जरोखे, खतं बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव हेच झालं. माणसांना इजा त्या मानाने थोडी झाली. राग कागदावर होता. व्यवहार दोघांचा, पण दस्तऐवज सावकाराच्याच पेटीत. खाली नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला वर किती आकडा लिहिलाय हे कळायला मार्ग नव्हता. त्यात इंदापुरात 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 30 वर्षांसाठी बांधून दिलेला सारा मुदत संपल्यावर वाढला, कापसाचे भाव कोसळले, कर्ज फुगत गेलं.

नक्कल ठेवायची रीत या मुलखात जुनीच. शिवकाळातही इनाम-वतनाच्या पत्रांतच बजावलेलं असे, की अंमलदाराने तालिक, म्हणजे नक्कल, उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र धन्याला परत द्यावं. रयतेच्या कर्जाला मात्र ही सोय मिळाली ती 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने. दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहायचा. एक नक्कल त्याच्या वहीत, अस्सल एका पक्षाकडे, प्रमाणित नक्कल दुसऱ्याकडे. पैसे भरले की पावती, आणि मागितलं तर पासबुक. सगळ्या कायद्यात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण हिशेब पहिल्यांदा ऋणकोच्याही घरात आला.

आता पतसंस्थेचा हिशेब हार्डडिस्कवर असतो. सर्व्हरमध्ये दोन डिस्क, एकीवर लिहिलं ते त्याच क्षणी दुसरीवर. जुळ्या डिस्कची ही युक्ती आधीपासून होती; 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तिला 'रेड'च्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीच्या, पायऱ्यांत पहिलं स्थान दिलं. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. पण दोघींचा मालक एकच. चुकून खातं पुसलं, तर ते दोन्हीकडून पुसलं जातं. तालिक वेगळ्या घरात राहायची, ही त्याच खोक्यात राहते.

आणि दोघी बहुधा एकदमच घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. एक बंद पडली की लोक घाईने नवी बसवून पुनर्बांधणी लावतात. त्यात उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि कधी न वाचलेला एखादा कोपरा तिथेच दगा देतो. अशा वेळी आधी यंत्र बंद करावं. कुरकुरणारी डिस्क सुटी काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिच्यावर काहीही लिहू नये, आणि सेक्टर न् सेक्टर नव्या डिस्कवर उतरून घ्यावा. अंतोनियो डियाझ डियाझ यांचं 'डीडीरेस्क्यू' 2004 पासून हेच करतं: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या जागा एका नकाशा-फाईलमध्ये टिपतं, आणि मग त्यांच्याकडे पुन्हापुन्हा वळतं. दोन्ही डिस्क अशा उतरवल्या, तर एकीचा फाटका भाग दुसरीवरून भरता येतो. मात्र आधी बंद पडलेल्या डिस्कवरचा हिशेब शिळा असतो, म्हणून तारीख पाहूनच भरायचा.

तरीही काही सेक्टर हाती लागत नाहीत. मग पतसंस्थेने त्या खात्यांचे सभासद बोलवावेत, पासबुकं मागावीत, आणि शिल्लक एकेक ओळ ताडून पुन्हा चढवावी.