घोडखिंडीची लढाई

घोडखिंडीची लढाई, म्हणजेच पावनखिंडीची लढाई, ही १३ जुलै १६६० रोजी पन्हाळा आणि विशाळगड यांदरम्यानच्या गजापूरच्या खिंडीत मराठे व विजापूरची आदिलशाही फौज यांच्यात झाली. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले छत्रपती शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत पाठलागावरील सैन्याला अडवून धरणे हा या लढाईचा हेतू होता. लढाईचे नेतृत्व बाजी प्रभू देशपांडे यांनी केले. खिंडीत उभे राहिलेले बहुतेक लोक हिरडस मावळातील, म्हणजे आजच्या पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्याच्या डोंगराळ मुलखातील होते.

पार्श्वभूमी

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठ्यांनी पन्हाळा जिंकून घेतला. डिसेंबरात कोल्हापूरजवळ रुस्तुमजमानचाही पराभव झाला. तेव्हा आदिलशाहाने कर्नूलचा सरदार सिद्दी जौहर याला 'सलाबतखान' हा किताब देऊन मोठ्या फौजेनिशी पाठविले. अफझलखानाचा मुलगा फाजलखान त्याच्यासोबत होता. मार्च १६६० पासून पन्हाळ्यास वेढा पडला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तोफा व दारूगोळा घेऊन सिद्दीला मदत केली. पुढील वर्षी राजापूरवर जी मराठी धाड पडली, तिचे एक कारण हे होते. नेताजी पालकर यांचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न फसला. त्याच सुमारास मुघल सरदार शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता व त्याने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला होता. त्यामुळे महाराजांना पन्हाळ्यात अडकून राहणे परवडणारे नव्हते.

बांदलांची जमात

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांची खोरी. प्रत्येक खोऱ्याचा वतनदार देशमुख असे. महसूल गोळा करणे आणि गरज पडल्यास आपली माणसे हत्यारांसह घेऊन हजर होणे ही त्याची कामे. या माणसांना 'जमात' म्हणत. ते कायम पगारी शिपाई नव्हते, तर शेती करणारे, डोंगरातील वाटा पायाखालच्या असलेले लोक होते. जुलै महिना हा मावळात भातलावणीचा काळ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पन्हाळ्यावर अडकलेल्या या लोकांच्या घरी काय परिस्थिती असेल याची कल्पना येते.

हिरडस मावळाचे देशमुख बांदल होते आणि बाजी प्रभू त्यांचे देशकुलकर्णी व कारभारी होते. बाजी प्रभूंचे गाव सिंद हे भोरजवळ आहे. बांदल सुरुवातीस शिवाजी महाराजांच्या विरोधात होते. रोहिडा किल्ला व भोवतालचा मुलूख महाराजांकडे आल्यानंतर बांदल घराणे आणि बाजी प्रभू दोघेही स्वराज्याच्या कामाला लागले. शेजारच्या रोहिड खोऱ्याचे देशमुख, कारीचे कान्होजी जेधे, आधीपासून महाराजांच्या बाजूचे होते. या मुलखाच्या जवळच राजगड ही तेव्हाची राजधानी होती. आज पुणे–सातारा रस्त्यावरील नसरापूर येथून राजगड व वेल्ह्याकडे फाटा जातो.

पलायन व झुंज

आषाढ पौर्णिमेच्या सुमारास, १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज सुमारे सहाशे निवडक लोकांसह गडावरून उतरले. वेढ्यातील पहारे तहाच्या बोलण्यामुळे सैलावले होते. परंपरेनुसार महाराजांच्या वेशातील शिवा काशीद हा दुसऱ्या पालखीतून गेला, पकडला गेला व मारला गेला. या हुलकावणीमुळे काही वेळ मिळाला; परंतु सिद्दी मसूदच्या हाताखालील फौज लवकरच मागावर निघाली.

पन्हाळा ते विशाळगड हे अंतर डोंगरवाटेने साठ किलोमीटरच्या आसपास आहे. वाट दाट झाडीतून व चिखलातून जाते. गजापूरजवळ ती अरुंद खिंडीत शिरते. संख्येने मोठ्या फौजेला येथे एकाच वेळी थोडीच माणसे पुढे आणता येत, आणि घोडदळाचा फारसा उपयोग नव्हता. बाजी प्रभूंनी सुमारे तीनशे लोकांनिशी येथे थांबण्याचे ठरविले व उरलेल्यांसह महाराज पुढे गेले. विशाळगडाच्या पायथ्याशीही वाट मोकळी नव्हती. शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी यांनी आदिलशाहीच्या वतीने गडाला वेढा घातला होता. तो फोडून महाराजांना वर जावे लागले.

महाराज सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफा झाल्या व तोवर बाजी प्रभू लढत राहिले, असे बखरींत व लोकपरंपरेत सांगितले जाते. बाजी प्रभू, त्यांचे बंधू फुलाजी प्रभू आणि बांदलांचे अनेक लोक या झुंजीत कामी आले.

परिणाम

पन्हाळा त्याच वर्षी तहानुसार आदिलशाहीच्या हवाली करावा लागला. तो पुन्हा मराठ्यांकडे आला १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद यांच्या छाप्यात. म्हणजे गड गेला, पण राजा वाचला. या लढाईचे लष्करी मोल एवढेच व एवढे मोठे आहे. दरबारात तलवारीच्या मानाचे पहिले पान जेध्यांकडे होते, ते या लढाईनंतर बांदलांना देण्यात आले, असे मराठी परंपरा सांगते. वतनदारांच्या त्या जगात मानपानावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत, म्हणून ही गोष्ट लहान नव्हती.

साधने

लढाईचा सर्वांत विश्वसनीय उल्लेख कारीच्या जेधे देशमुखांच्या संग्रहातील जेधे शकावलीत आहे. लोकमान्य टिळकांनी ही शकावली प्रकाशात आणली. तिच्यातील नोंद अगदी त्रोटक आहे: बांदलांच्या लोकांनी शर्थ केली व बाजी प्रभू पडले, एवढाच तिचा आशय. नोंदीत आधी बांदल येतात, हे महत्त्वाचे. पुढील काळात एकट्या बाजी प्रभूंच्या पराक्रमावर प्रकाशझोत पडला आणि जमातीची बाजू काहीशी मागे गेली. तोफांच्या बारांसारखे तपशील उत्तरकालीन बखरींमधून आलेले आहेत.

स्मृती

घोडखिंडीला 'पावनखिंड' हे नाव या रक्तपातामुळे मिळाले. ती आज कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात आहे. बाजी व फुलाजी प्रभूंच्या समाध्या विशाळगडावर आहेत. दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पदभ्रमण मोहिमा निघतात. या प्रसंगावर बाबूराव पेंटर यांनी १९२९ मध्ये मूकपट काढला, अरविंद घोष यांनी इंग्रजीत कविता लिहिली, तर रणजित देसाई यांनी 'पावनखिंड' ही कादंबरी लिहिली. त्याच नावाचा, दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित मराठी चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.